चिंचोक्यांचा डाव

गणपतीच्या जागरणाला तुमच्या घरी बायका काय करतात हो? आमच्याकडचं सांगते. आरती झाली की पंगती उठवायच्या, भांडी घासायची, उद्याच्या मोदकांसाठी नारळ खवून ठेवायचे आणि ओटीवर पत्ते कुटत बसलेल्या पुरुषमंडळींना दर तासाला चहा नेऊन द्यायचा. "जरा आलं जास्त घाल गं," एवढंच काय ते आपल्या वाट्याला येणारं बोलणं. लग्न होऊन दातिवऱ्याला आले तेव्हापासून मी हेच बघत आले.

दातिवरं ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सफाळ्याला गाडीतून उतरायचं, एसटी पकडायची आणि थेट समुद्र गाठायचा. वैतरणा नदी समुद्राला मिळते त्या मुखाशी हे गाव आहे, खाडीच्या पलीकडे अर्नाळा. आमचा गणपती दीड दिवसाचा, म्हणजे जागरणाची रात्र एकच. नोकरीधंद्यासाठी बाहेर गेलेले सगळे त्या रात्री घरी येतात.

२०२५ साली २७ ऑगस्टला गणपती बसले. त्या रात्री चहाचा तिसरा ट्रे घेऊन निघाले होते, तेवढ्यात वन्संचा मुलगा माजघरात आला. पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. म्हणाला, "मामी, तुम्ही सगळ्या का नाही खेळत?"

"आम्हाला येतं की!" सासूबाई ताठ बसून म्हणाल्या. वय अठ्ठ्याहत्तर. "झब्बू, बदाम सात, पाच-तीन-दोन, सात-आठ... तुझ्या आजोबांना विचार, सात-आठमध्ये किती वेळा हरवलंय त्यांना!" आजोबा आता फोटोत आहेत, म्हणून कुणी विचारलं नाही.

"मग आज पोकर खेळूया. घरातल्या घरात टूर्नामेंट."

पोकर म्हटल्यावर सगळ्यांच्या भुवया वर गेल्या. सिनेमात गोव्याच्या कॅसिनोत, सिगारेटच्या धुरात खेळतात ते? गणपतीपुढं जुगार नको, असं एकमतानं ठरलं. मग सासूबाईंनीच तोड काढली. त्यांच्या खोलीत सारीपाटाच्या काळातला चिंचोक्यांचा डबा होता. पैसा एकही नाही. प्रत्येकीला पन्नास चिंचोके. ज्यांचे संपले त्या बाहेर. जिंकेल तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, बाकीच्यांनी तिला चहा हातात आणून द्यायचा. मैत्रिणींनो, एवढं मोठं बक्षीस लाख रुपयांचंही वाटलं नसतं!

आठजणी बसणार होतो. पण मोठ्या जाऊबाई उठून आत निघाल्या. "मला पत्त्यांची शिसारी आहे," म्हणाल्या.

त्यांच्या शिसारीचं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं, पण त्यावर कुणी बोलत नव्हतं. आज मी लिहितेय ते त्यांना विचारूनच. मोठे दीर बोईसरला एका कारखान्यात नोकरीला आहेत. सज्जन माणूस, सुपारीचंही व्यसन नाही. रात्रपाळीत वेळ जात नाही म्हणून मोबाइलवर रमी खेळायला लागले. आधी दहा रुपये, मग शंभर. सुरुवातीला जिंकलेही. मग हरले. हरलेले परत मिळवायला कर्ज काढलं, ते फेडायला दुसरं काढलं. जाऊबाईंना कळलं तेव्हा चार लाखांचा खड्डा पडला होता आणि त्यांच्या माहेरच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या. या बाई पहाटेच्या गाडीनं वाडीतली भाजी आणि केळीची पानं घेऊन बोरिवलीला जातात. त्यांच्या कष्टाचे पैसे त्यांच्याच नावाच्या खात्यात जमा होत होते. पण खात्याला मोबाइल नंबर दिरांचा! पैसे कधी निघाले ते त्यांना कळायचा मार्गच नव्हता.

पत्त्यांबद्दल बायकांच्या मनात जो राग आहे तो काही आजचा नाही. भर द्यूतसभेत द्रौपदीनं विचारलेला प्रश्न आठवा. आधी स्वतःला हरले की मला? भल्याभल्यांना त्याचं उत्तर देता आलं नाही. मला त्या गोष्टीत नेहमी एक टोचत आलंय. फासे टाकणारे वेगळे, आणि पणाला लागणारी वेगळी. डावात तिची चाल नाहीच. पाटल्या जाऊबाईंच्या, डाव दिरांचा. हजारो वर्षांनी आपण तिथंच?

शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "अगं, चिंचोके आहेत. घाबरतेस कशाला? बस इथं माझ्या बाजूला." आणि जाऊबाई बसल्या.

खेळ सोपा आहे. ज्यांना तीन पत्ती येते त्यांना तर दहा मिनिटांत कळेल. प्रत्येकीला दोन पानं, ती फक्त आपण बघायची. मग मध्ये पाच पानं उघडी मांडतात. आधी तीन एकदम, मग एक, मग आणखी एक. हातातली दोन आणि मधली पाच अशा सात पानांतून ज्या पाच पानांचा हात सर्वांत भारी, तिचा डाव. जोडीपेक्षा दोन जोड्या भारी, त्यापेक्षा एकसारखी तीन, मग सलग पाच, मग एकाच रंगाची पाच, अशी चढती भाजणी. प्रत्येक टप्प्यावर तुमच्यापुढं मोजकेच रस्ते. समोरचीनं लावले तेवढे लावा, वाढवा, नाहीतर पानं टाकून द्या. "मामी, पानं टाकणं म्हणजे आपलं पॅक," भाच्यानं समजावलं.

पहिल्या तासात सासूबाई बाहेर. हातात काही नसताना सगळे चिंचोके पुढं ढकलले आणि वर हसू आवरता आलं नाही! मग एकेक जण गळत गेली. रात्री दोनच्या सुमाराला आम्ही दोघीच उरलो, मी आणि मोठ्या जाऊबाई. माझ्याकडे दोनशे साठ, त्यांच्याकडे एकशे चाळीस.

याला म्हणतात हेड्स-अप. टेबलावर दोघंच, समोरासमोर. आणि इथं खेळाचं रूपच पालटतं. आठजणी असताना चांगली पानं येईपर्यंत थांबता येतं. बाकीच्या लढतात, आपण बघत राहायचं. पण पानं वाटण्याआधीच दोघींनी ठरावीक चिंचोके मध्ये टाकायचे असतात, आणि दोघीच उरल्या की ही वर्गणी दर डावाला द्यावीच लागते. त्या वेळी आमची वर्गणी होती एकीची पाच आणि दुसरीची दहा, आलटून पालटून.

जाऊबाई पानं बघायच्या आणि म्हणायच्या, "पॅक." पुन्हा पानं, पुन्हा पॅक. चांगलं काही आलंच नाही त्यांना. असे दहा डाव गेले. हिशेब करा, पाच वेळा पाच आणि पाच वेळा दहा. पंचाहत्तर चिंचोके नुसते वाट बघण्यात गेले. एकशे चाळीसचे पासष्ट उरले.

भाचा म्हणाला, "मोठ्या मामी, हातात जोडी येणं साधारण सतरा डावांत एकदा. दोन एक्के तर २२१ डावांत एकदा. आणि जोडी नसेल तर मधली पहिली तीन पानं उघडल्यावरही तीनातून दोनदा काहीच जुळत नाही. पण हे समोरच्या मामींनाही लागू आहे ना! त्यांच्याकडेही बहुतेक वेळा काही नसतंच."

हे ऐकून मी चपापलेच. खरं होतं ते. मी इतका वेळ जिंकत होते ती पानांच्या जोरावर नव्हे, तर जाऊबाई थांबल्या होत्या म्हणून.

आणि खरं सांगू? तिथं बसल्या बसल्या मला आपण सगळ्याच दिसायला लागलो. मुलं मोठी झाली की बघू. मुलीचं लग्न झालं की बघू. यांचा मूड बरा असला की विचारू. चांगलं पान यायची वाट बघत आपण गप्प बसतो, आणि आपल्याला वाटतं की गप्प बसण्यात काही जात नाही. जातं, बायांनो. दर डावाला पाच-दहा जातातच. ते एकदम जात नाहीत म्हणून जाणवत नाहीत.

अकराव्या डावाला जाऊबाईंनी पानं बघितली, माझ्याकडे बघितलं आणि पासष्टच्या पासष्ट चिंचोके पुढं सारले. माझ्याकडे राणी आणि गुलाम. विचार केला आणि सोडून दिलं. त्यांनी पानं उलटी केली. सत्ती आणि दुर्री! वाईटात वाईट म्हणावीत अशी पानं. माजघरात असा काही हशा झाला की ओटीवरचे पुरुष डोकावून गेले. वन्सं म्हणाल्या, "चहा हवा असेल तर पातेलं चुलीवर आहे, आपापला घ्या!"

पोकर हा पुरुषांचा खेळ, असं जगभर मानलं जातं. पण याच दोघांच्या खेळाची अमेरिकेत एक मोठी राष्ट्रीय स्पर्धा होत असे. चौसष्ट खेळाडू, एकास एक. २०१० साली ती ॲनी ड्यूक या बाईंनी जिंकली. ती जिंकणारी ती पहिली महिला, आणि चार मुलांची आई. आपल्याकडच्या निकिता लूथर हिनं २०१८ साली लास व्हेगासच्या जागतिक मालिकेत जोडीनं खेळायच्या स्पर्धेत सुवर्णकंकण मिळवलं, असा मान मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. तुम्ही लास व्हेगासला जा असं मला म्हणायचं नाही. मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. ॲनी ड्यूक यांनी खेळ सोडल्यावर पुस्तकं लिहिली, आणि २०२२ मध्ये आलेल्या पुस्तकाचं नाव काय असावं? 'क्विट', म्हणजे सोडून देणं. जिंकून जिंकून शिकल्या काय, तर कधी उठावं! चांगला खेळाडू आणि जुगारी यांच्यात फरक तो इथंच. पानं दोघांना सारखीच येतात. चांगला खेळाडू वेळेवर टाकून देतो.

आणि हे लिहिताना मला माझी फजितीही सांगायलाच हवी.

साडेतीन वाजेपर्यंत आम्ही दोघी दोनशे-दोनशेवर आलो होतो. मला राजांची जोडी आली. एवढ्या रात्रीत पहिल्यांदा! मी तीस लावले. जाऊबाईंनी तीस लावले. मधली तीन पानं उघडली. एक्का, नव्वी, चव्वी. एक्का बघून पोटात गोळा आला, पण मी चाळीस लावले. जाऊबाईंनी शांतपणे चाळीस ठेवले. चौथं पान पंजी. मी आणखी साठ लावले. जाऊबाई थोडा वेळ पानांकडे बघत राहिल्या, मग उरलेले एकशे तीस पुढं सारले.

मला कळलं होतं. देवाशपथ सांगते, मला कळलं होतं की त्यांच्याकडे एक्का आहे. माझे सत्तर चिंचोके हातात होते. पॅक म्हटलं असतं तर त्या सत्तरवर आणखी खेळता आलं असतं. पण मनात एकच आलं. एकशे तीस घातलेत, आता कशी सोडू? आणि मी सत्तर टाकले.

त्यांच्याकडे एक्का आणि नव्वी होती. दोन जोड्या. उरलेल्या ४४ पानांत मला वाचवतील असे दोनच राजे होते, आणि त्यातला एकही आला नाही. जाऊबाई जिंकल्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या, सासूबाईंनी त्यांच्या हातावर साखर ठेवली.

मी हसत म्हटलं, "ताई, मला ठाऊक होतं हो तुमच्याकडे एक्का आहे. पण एवढे घातले होते ना, सोडवेना."

जाऊबाई चिंचोके डब्यात भरत होत्या. त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "ह्यांचंही अगदी असंच झालं असेल, नाही? मला वाटायचं, ह्यांना घराची पर्वाच नाही. पण हे 'एवढे गेले, आता परत आणतो' म्हणतच बुडाले."

थोड्या वेळानं पुन्हा त्याच म्हणाल्या, "पण तुझे चिंचोके होते गं. ह्यांनी माझे लावले."

मैत्रिणींनो, त्या रात्रीचा सारा अर्थ मला या दोन वाक्यांत सापडला. चुकणाऱ्या माणसाला समजून घेता येतं. घ्यावंही. मी स्वतः चिंचोक्यांवर जे केलं तेच त्यानं पैशांवर केलं. पण समजून घेणं म्हणजे आपली पानं त्याच्या हातात देणं नव्हे.

आमचे गणपती बसायच्या पाचच दिवस आधी, २२ ऑगस्ट २०२५ रोजी, ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणाऱ्या केंद्राच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली होती. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. त्यांची जाहिरात करणारेही त्यातून सुटत नाहीत. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही, त्याला कायद्यानं फसलेला माणूस मानलंय. याआधी कंपन्या म्हणायच्या, हा कौशल्याचा खेळ आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९६७ साली रमीत कौशल्याचा भाग मोठा असल्याचं म्हटलं होतं, त्याचा आधार त्या घेत. नव्या कायद्यानं तो वादच बाजूला सारला. कौशल्य असो वा नशीब, ऑनलाइन पैसे लावून खेळवायचं नाही. बऱ्याच कंपन्यांनी लगोलग पैशांचे डाव बंद केले. चांगलं झालं. पण दिरांच्या मोबाइलवरचा खेळ बंद झाला तरी कर्जाचा हप्ता काही बंद झाला नाही. आणि उद्या खेळाचं नाव बदलून दुसरं काही येणार नाही, याची खात्री कोण देणार?

म्हणून पत्त्यांना शिव्या देऊन भागणार नाही, असं मला वाटतं. पत्ते वाईट नाहीत. सावंतवाडीला दशावताराची चित्रं काढलेली १२० गोल पानांची गंजिफा अजून हातानं रंगवतात, देवघरात ठेवावी इतकी सुंदर. पण ज्या डावात माझं आहे त्यात मला चाल नाही, असा डाव वाईट. आणि किती लावायचं हे आधी ठरवलेलं नाही, तो डावही वाईट. आम्ही पन्नास चिंचोके ठरवले आणि ते संपल्यावर सासूबाईंनासुद्धा एकावन्नावा मिळाला नाही. हाच नियम घरात का नसावा? महिन्याचे किती, कशासाठी, आणि त्यापलीकडे दोघांनी विचारल्याशिवाय एक रुपया नाही. मग तो खेळ असो, भिशी असो, शेअर असो नाहीतर नातेवाइकाला उसने द्यायचे असोत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठरल्याप्रमाणे जाऊबाई ओटीवर बसल्या होत्या. मी चहा घेऊन गेले. मला वाटलं, विजयाच्या थाटात असतील. पण त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "अगं, खात्याला ह्यांचा नंबर आहे. तो बदलून माझा लावायचा तर काय काय लागतं?"

मी सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते. आपल्या शाखेत स्वतः जायचं. पासबुक आणि आधार कार्ड, त्याच्या झेरॉक्स प्रती, आणि नंबर बदलण्याचा अर्ज. अर्ज तिथंच मिळतो. नंबर आपल्या नावाच्या सिमचा असावा. तो लागला की पैसे भरले तरी आणि काढले तरी संदेश आपल्याला येतो. एटीएमचा पिन बदलायचा आणि तो कुणालाही सांगायचा नाही. आपले दागिने आपलं स्त्रीधन आहे, ते आपल्याला न विचारता गहाण ठेवायचा हक्क नवऱ्यालाही नाही. आणि घरातलं माणूस खेळात अडकलंच असेल तर भांडणाआधी टेलि-मानसला १४४१६ या नंबरवर फोन करा. सरकारी सेवा आहे, मनाच्या दुखण्याबद्दल बोलता येतं, पैसे पडत नाहीत. दीरही माणूसच आहेत, त्यांनाही आधार हवा होता.

"एवढंच?" जाऊबाई म्हणाल्या. "एवढ्यासाठी मी दोन वर्षं थांबले?"

त्यांचा चहा गार होत होता. विसर्जन संध्याकाळी होतं, आणि दुसऱ्या दिवशी बँक उघडी होती.

त्या गेल्या. पहाटेची बोरिवलीची खेप चुकवून गेल्या, पाटीभर केळीची पानं शेजारणीला देऊन. आता भाजीचे पैसे जमा झाले की त्यांच्या फोनची घंटी वाजते. पाटल्या अजून सुटायच्या आहेत, हप्ते अजून चालू आहेत. पण दर महिन्याला दीर आणि त्या समोरासमोर बसून हिशेब करतात. मी थट्टेनं विचारलं, "ताई, हेड्स-अप चाललंय वाटतं?"

त्या म्हणाल्या, "हो गं. पण आता पानं दोघांना वाटतात."